मागचा दांडा

आज कवितेवर बोलणार नाही. आमच्या घरी एक म्हातारी पिकअप आहे, १९५१ सालची शेवरलेट, अर्ध्या टनाची. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला माझ्या भाच्यानं एक लोखंडी दांडा बसवला. त्या दांड्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस; पदार्थविज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. जे थोडंफार परत आलं, ते या गाडीखाली गोणपाट टाकून झोपल्यावर.

जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला होता. आमची गाडी त्या जमान्यातली. पुढं सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं इंजिन, मागं नुसता हौदा, आणि चारी चाकांवर पाटे, म्हणजे कमानी. अब्बांनी ती जुनी म्हणून घेतली ती गुळासाठी. तीस किलोचे पंधरा-सोळा रवे हौद्यात बसले की गाडी गपगुमान चालायची. आता गूळ टेम्पोतून जातो आणि ही बाई जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला मिरवायला जाते, रिकामी. आणि वळण आलं की अशी कलते, की शेजारी बसलेला माणूस दाराची कडी धरतो.

भाच्याला हे खपेना. "मामू, मागं स्टॅबिलायझर बार टाकू या. परदेशात जुन्या पिकअपला सगळे टाकतात." मी म्हटलं, टाक.

हा बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंगच्या पोलादाचा दांडा. त्याचा मधला लांब भाग रबरी बुशमधून मागच्या अ‍ॅक्सलला बांधतात आणि दोन्ही टोकं छोट्या उभ्या लिंकनी चासीला जोडतात. गाडी सरळ खड्ड्यावरून गेली, दोन्ही बाजू सारख्या खालीवर झाल्या, तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो. तो असून नसल्यासारखा. पण वळणावर गाडी एका अंगावर कलली की त्याचं एक टोक वर आणि दुसरं खाली ओढलं जातं, दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्यासाठी तो गाडीला सरळ करू पाहतो.

इथवर सगळं गोड आहे. गैरसमज पुढं होतो. गाडी कमी कलली म्हणजे ती रस्ता जास्त घट्ट धरते, असं आपल्याला वाटतं. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाणार हे मुख्यतः गाडीचं वजन, तिची उंची, चाकांमधलं अंतर आणि वेग ठरवतात. बार त्यातलं जवळपास काही कमी करत नाही. त्या भारातला किती हिस्सा पुढच्या जोडीनं उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच तो बदलतो. मागं बार टाकला की मागच्या जोडीचा हिस्सा वाढतो.

मग बिघडलं कुठं? मार्केट यार्डातले दोन हमाल डोळ्यांपुढं आणा. दोघांना दोन-दोन रवे दिले तर झपाझप जातील. एकाला साडेतीन आणि दुसऱ्याला अर्धा दिला, तर रवे तेवढेच, पण काम मंदावणार. टायरचंही तसंच. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळं एका टायरवर फार भार आणि दुसऱ्यावर फार कमी असला, की त्या जोडीची एकूण पकड घटते. आमच्या गाडीत इंजिन पुढं, हौदा रिकामा. मागची चाकं आधीच हलकी. त्यांचीच पकड आपण आणखी कमी करतो.

हे शहाणपण तेव्हा नव्हतं. भाच्यानं एका वर्कशॉपमधून पंचवीस मिलिमीटर जाडीचा दांडा करून आणला. दोष त्या वर्कशॉपचा नाही, मागितलं ते त्यांनी दिलं. विसाचा मागायला हवा होता. पाच मिलिमीटरनं काय होतं, असं वाटेल. पण दांड्याचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. विसाच्या जागी पंचवीस म्हणजे जवळजवळ अडीच पट.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही दोघं शेवटचे आंबे आणायला साखरप्याकडं निघालो. हौदा रिकामा. मलकापूरपर्यंत भाचा खुशीत होता: "बघा मामू, कलतीय का?" खरंच कलत नव्हती. आंबा घाट उतरताना पहिला पाऊस आला, धुळीचं आणि तेलाचं बुळबुळीत रसायन करणारा. एका डाव्या वळणावर त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. भार पुढं गेला, मागची चाकं अजून हलकी झाली, आणि गाडीचं बूड उजवीकडं निघून गेलं. पूर्वी ही गाडी आधी कलायची, कुरकुरायची, सांगायची की बाबा, पुरे. या वेळी काही सांगितलं नाही. आम्ही रस्त्यात आडवे उभे होतो आणि माझ्या बाजूची खिडकी वरच्या वळणाकडं तोंड करून होती. खालून एसटी येत होती, पण ती अजून एक वळण लांब होती.

साखरप्यात पोचल्यावर पहिलं काम केलं ते एका बाजूची लिंक सोडण्याचं. एक टोक मोकळं झालं की बार निकामी होतो. फक्त ते टोक कुठं आपटू नये म्हणून तारेनं बांधायचं. येताना गाडी पुन्हा कलत, कुरकुरत आली. इतकी बरी ती मला कधी वाटली नव्हती.

मग उस्तादांकडं गेलो. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली भाचा पाना धरायला शिकला ते. त्यांनी बारकडं पाहिलंच नाही. पहार घालून पाट्यांचे शॅकल हलवले. बुश पार झिजलेले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोरडे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर झुकाव कमी करत नाही, पण झुकण्याची घाई आवरतो. निम्मी डुलकी तिथंच होती. नंतर त्यांनी आधी पुढच्या अ‍ॅक्सलला बार टाकला आणि मग मागं विसाचा.

बसवताना त्यांनी जे पाहिलं ते असं काम काढणाऱ्यानं ऐकून ठेवावं. बार अ‍ॅक्सलला यू-बोल्टनं आवळायचा, आणि ब्रेकचा बारीक पाइप त्याच अ‍ॅक्सलवरून जातो. आमच्या पहिल्या बसवणीत यू-बोल्ट त्या पाइपला चिकटून होता. आणखी अर्धा फेरा आवळला असता तर पाइप चेपला असता. हे ऐकल्यावर मी बाहेर जाऊन चहा मागवला. लिंकसाठी चासीला भोक पाडायचं तर पट्टीच्या उभ्या बाजूत. वरच्या किंवा खालच्या कडेत कधीच नाही, कारण चासी वाकताना सगळा ताण त्या कडांवर येतो. शेवटची लिंक गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना जोडायची, आणि तिचा बोल्ट हातानं आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर बारला उभ्या जागीच पीळ बसलाय. मग गाडी डाव्या वळणाला एक आणि उजव्या वळणाला दुसरीच वागते. नंतर जॅकवर चासी उचलून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू द्यायचा आणि दांडा सायलेन्सरला, ब्रेकच्या होजला कुठं घासतो का ते पाहायचं. रबरी बुशला साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे.

आता गाडी थोडी कलते. खराब रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचतो आणि बूड डावं-उजवं हलतं. ती या बारची किंमत आहे. पावसाळ्यात रिकाम्या गाडीची मागची लिंक आम्ही सोडूनच ठेवतो.

भाचा हल्ली बाविसाच्या दांड्याचं बोलतोय. मी हिशेब करून दाखवला, विसापेक्षा जवळपास दीडपट ताठ. उस्ताद म्हणाले, आधी हौद्यात चार रवे टाकून घाट उतरून ये, मग बोलू.