नवा गुडघा आणि जुनी फटफटी

गेल्या वर्षीं आषाढांत माझा उजवा गुडघा बदलला. झिजलेल्या हाडांचीं टोकें तासून वरच्या हाडास धातूची टोपी, खालच्या हाडास धातूची बैठक व दोहोंमध्यें एका जातीच्या प्लास्टिकची चकती बसवितात. चालणें, जिना चढणें, मांडी घालून न बसणें वगैरे गोष्टी डॉक्टरांनीं न विचारतांच सांगितल्या. मीं एकच प्रश्न विचारला, "आणि फटफटी?" ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुडघा फटफटीवर बसेल हो. तुम्ही पडाल ह्याची मला भीति आहे." कृत्रिम सांध्यालगतचें हाड मोडलें तर तें सांधणें फार बिकट असतें, हें त्यांनीं नीट समजावून दिलें.

घरीं आल्यावर सौ. म्हणाली, "एकसष्टी झाली. आतां तरी स्कूटर घ्या." तिचें म्हणणें चूक नव्हतें. बिनगिअरच्या स्कूटरला पायांनीं कांहींच करावयाचें नसतें. दोन्ही ब्रेक हातांत. ज्यांना मंडई व बँक एवढाच प्रवास आहे, त्यांनीं हा लेख येथेंच मिटून स्कूटर घ्यावी हें उत्तम. परंतु १९८६ सालीं घेतलेली बुलेट आमच्या अंगणांत उभी आहे. तिच्यावरून सौ. माहेरीं गेली, तिच्यावरून मीं रात्रीं-बेरात्रीं डॉक्टर आणले. तेव्हां हा प्रश्न केवळ वाहनाचा राहिला नव्हता.

प्रथम पायांचा हिशेब मांडूं. आजच्या फटफटीला गिअर डाव्या पायाशीं व मागचा ब्रेक उजव्या पायाशीं असतो. जुन्या इंग्रजी गाड्यांत ह्याच्या नेमकें उलट असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेनें डावा गिअर नियमानें बंधनकारक केला व हळूहळू सारें जग तिकडे वळलें. १९५५ पासून मद्रासेंत बनूं लागलेल्या बुलेटनें मात्र उजवा गिअर पुढेंहि पुष्कळ वर्षें सोडला नाहीं. माझी गाडी त्यांतलीच. म्हणून मला आरंभीं वाटलें कीं दैव आपल्या बाजूस आहे. शस्त्रक्रिया उजव्या पायाची, ब्रेक डाव्या पायांत. गिअर काय, घोट्यानेंहि पडेल!

हा आनंद दोन गोष्टींनीं नासला. पहिली किक. बुलेटची किक उजव्या पायाची, आणि ती मारणें हा एक विधि आहे. अँपिअरच्या कांट्याकडे पाहून, डिकॉम्प्रेसरची तरफ दाबून पिस्टन जागेवर आणावयाचा व मग सर्व भार पायावर टाकावयाचा. जरा चुकलें कीं किक उलटी येते. तो तडाखा पोटरींतून थेट गुडघ्याला बसतो. नव्या गुडघ्यास तो देण्याची माझी छाती नव्हती. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे व ती मला फिजिओथेरपीच्या बाईंनीं दाखविली. त्यांनीं विचारलें, "सिग्नलला तुम्ही कोणता पाय टेकतां?" डाव्या पायांत ब्रेक असल्यामुळें तो ब्रेकवरच राहतो व टेकावयाचा तो उजवाच! म्हणजे पावणेदोनशें किलोंचें धूड प्रत्येक चौकांत नव्या गुडघ्यानें तोलावयाचें. हातांतला ब्रेक दाबून डावा पाय टेकतां येतो, पण पस्तीस-चाळीस वर्षांची संवय गर्दींत असें स्वातंत्र्य देत नाहीं.

तेव्हां विचार उलटा फिरवावा लागला. आमच्या पुतण्याकडे बटनानें सुरू होणारी, डाव्या गिअरची नवी गाडी होती. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. वरील नव्या गाड्यांस चाक जाम न होऊं देणारी ए.बी.एस. योजना सक्तीची झाली, ती हिच्यांत आहे. चौकांत टेकावयाचा पाय डावा, म्हणजे धडका. मागचा ब्रेक मात्र उजव्या, शस्त्रक्रिया झालेल्या पायाकडे. हें ऐकून सौ.नें हात जोडले. पण ब्रेक दाबण्याचें काम खरें कोण करतें तें पाहिलें पाहिजे. टांच फूटरेस्टवर टेकलेली असेल तर घोटा करतो. टांच उचलावी लागली तर मांडी व गुडघा करतात. सारा प्रश्न पेडलच्या उंचीचा आहे.

आमचे मिस्त्री ह्या बाबतींत पदवीधरांचे गुरु शोभतील. त्यांनीं मला गाडीवर बसविलें, जोडा घालावयास लावला व स्वतः जमिनीवर बसून माझ्या पावलाकडे पाहात राहिले. पेडल फूटरेस्टहून बरेंच वर होतें. प्रत्येक वेळीं पाऊल उचलावें लागे. पेडलच्या अडणीचा बोल्ट फिरवून त्यांनीं तें इतकें खालीं आणलें कीं टांच जागच्या जागीं ठेवून तळवा अलगद त्यावर राहावा. येथें एक गोष्ट विसरूं नये. पेडल खालीं आलें कीं मागच्या लाल दिव्याचा स्विचहि पुन्हां जुळवावा लागतो. आमचा दिवा पहिल्या दिवशीं जळतच राहिला होता. मागून येणाऱ्यास आमच्या थांबण्याची वार्ता कळली नसती. तसेंच पेडलला कंपनीच्या पुस्तकांत दिलेली मोकळी चाल ठेवावी. ती नाहींशी झाली तर ब्रेक सतत घासतो व तापतो.

गिअरची तरफ दात्यांच्या शाफ्टावर बसते. बोल्ट सैल करून ती एक दाता वर वा खालीं बसवितां येते, आणि तेवढ्यानेंहि घोट्याचा कोन बदलतो. हिची तरफ पुढें-मागें दोन पट्ट्यांची असल्यानें बोटानें खालून उचलण्याचें काम नाहीं; टांचेनें दाबलें कीं वरचा गिअर पडतो. डावा गुडघा दुखणाऱ्यांस ही तरफ मोठें वरदान आहे.

राहिला गुडघ्याच्या वाकण्याचा प्रश्न. असा गुडघा सामान्यतः ११० ते १२० अंश वाकतो. सरळ बसण्याच्या फटफटीवर नव्वदाच्या थोडें पुढें गेलें कीं भागतें. तरी अर्ध्या तासानें तो ताठे. कोणी सुचविलें, फूटरेस्ट कापून दोन इंच खालीं वेल्डिंग करा. मिस्त्रींनीं मान हलविली. फूटरेस्ट खालीं गेला कीं वळणावर तो आधीं रस्त्यास घासतो व पेडल पुन्हां उंच होतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटींत फेरफार करण्यास आडवें येतें. दिव्यांगांसाठीं वाहन रूपांतरित करून घेण्याची वाट वेगळी आहे व ती आर.टी.ओ.च्या कचेरींतून जाते. मग सीटच दीड इंच उंच करून घेतली. पाय तेथेंच राहिले, बैठक वर गेली, गुडघा तितका उघडला. उंची बेताची असणाऱ्यास हें जमणार नाहीं; त्याचे पाय जमिनीस पुरणार नाहींत.

सहा आठवड्यांच्या आंत वाहनाचें नांवहि काढूं नये असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मीं चार महिने थांबलों. नंतर एका मोकळ्या मैदानांत चिरंजीव शिटी घेऊन उभे राहिले. शिटी वाजली कीं तत्काळ थांबावयाचें. पहिल्या दिवशीं दहा शिट्या झाल्या. त्यांत चार वेळां माझा डावा पाय खाडकन् गिअरच्या तरफेवर पडला, गाडीनें हिसका दिला व मी चार हात पुढें जाऊन थांबलों. उजवा पाय पेडलवर स्वस्थ होता. शस्त्रक्रिया गुडघ्यावर झाली, दोष डोक्यांत निघाला! मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण घरीं येतांना गाडी त्यानें चालविली.

पुढें सतरा दिवस रोज सकाळीं हाच पाठ. पुढच्या चाकाचा ब्रेक आधीं व अधिक, कारण थांबतांना सारा भार पुढें येतो. मागचा त्याच्या साथीला. लागोपाठ तीन दिवस तिसांपैकीं तीसहि शिट्या बरोबर झाल्या, तेव्हांच मी रस्त्यावर आलों. सौ. पहिल्यांदा मागें बसली ती मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं, आणि घाट लागेपर्यंत तिनें माझ्या खांद्यावरचा हात काढला नाहीं.

बुलेट अंगणांतच आहे. रविवारीं चिरंजीव तिला किक मारतात व मी जवळ उभा राहून कांट्याकडे पाहण्यास सांगतों. डावा गुडघाहि अलीकडे जिना उतरतांना कुरकुरूं लागला आहे. मिस्त्रींना हें कळल्यावर त्यांनीं पुतण्याच्या गाडीची गिअरची तरफ वाकून पाहिली आणि म्हणाले, "वर एक दाता अजून शिल्लक आहे."