फवारणी पंपाची लिथियम बॅटरी कमी व्होल्टेज दाखवतेय? फेकण्याआधी हे तपासा

पेरणी होऊन महिना उलटला की हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनवर फवारणी सुरू होते. वसमत असो, कळमनुरी असो की सेनगाव, पाठीवर बॅटरीचा पंप घेतलेला माणूस शेतात दिसतोच. आणि नेमका पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी पंप बंद पडतो. मीटर लावला तर आकडा येतो ११, ९, कधी थेट शून्य. मग ऐकायला मिळतं, "बॅटरी गेली, नवीच टाका."

पण कमी आकडा म्हणजे बॅटरी मेली, असं दरवेळी नसतं. आणि काही बॅटऱ्या खरोखरच मेलेल्या असतात, त्या जिवंत करायला जाणं म्हणजे घरात आग बोलावणं. हा फरक ओळखायचा कसा?

आधी लेबल वाचा

'१२ व्होल्टची लिथियम' म्हणून दोन वेगळ्या बॅटऱ्या मिळतात. लेबलवर १०.८ किंवा ११.१ व्होल्ट असेल तर आत लिथियम-आयनचे ३ सेल सिरीजमध्ये असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणून अख्खा पॅक १२.६. लेबलवर १२.८ असेल तर आत लिथियम फॉस्फेटचे ४ सेल असतात. त्यांचा चार्जर १४.६ व्होल्टचा असतो आणि भरलेली बॅटरी थोडा वेळ ठेवली की साधारण १३.३ वर स्थिरावते.

म्हणजे मीटरवर १२ आले तर पहिली बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असते आणि दुसरी जवळजवळ रिकामी.

चार्जरची अदलाबदलही इथेच नडते. १२.६ चा चार्जर फॉस्फेट बॅटरीला लावला तर ती रात्रभर ठेवूनही भरत नाही. उलट १४ च्या पुढचा चार्जर ३ सेलच्या पॅकला लावणं धोक्याचं. शेजाऱ्याचा चार्जर पिनमध्ये बसतो म्हणून चालतो असं नाही. रात्री मध्येच लाइट गेली असेल तर चार्जिंगही अर्धवटच झालेलं असतं, तेही आठवून बघा.

मीटर खरं बोलतोय का?

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. आधी नवा पेन्सिल सेल मोजा. दीड व्होल्टच्या आसपास आकडा आला तर मीटर ठीक. नाही आला तर मीटरमधली बॅटरी बदला.

शून्य दाखवतेय म्हणजे मेली?

पॅकच्या आत बीएमएस नावाचं छोटं सर्किट असतं. एखादा सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ते बाहेर जाणारा करंट तोडतं. सेलमध्ये चार्ज असूनही बाहेर शून्य किंवा एक-दोन व्होल्ट दिसतात. कालपर्यंत चाललेला पंप आज शून्य दाखवत असेल तर शक्यता याचीच. बॅटरी फुगलेली किंवा ओली नसेल, तर तिचाच चार्जर मोकळ्या जागी, फरशीवर ठेवून लावा आणि जवळ थांबा. अर्ध्या तासाने चार्जर काढून मोजा. ३ सेलचा पॅक ९ च्या आणि ४ सेलचा १० च्या वर आला तर चार्जिंग पूर्ण होऊ द्या.

आकडा बरोबर, तरी पंप चालत नाही

पंप चालू ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग मोटरच्या टोकांवर. बॅटरीवर १२ आणि मोटरवर ९ असेल तर दोष वायर, स्विच किंवा कनेक्टरचा. औषधाचे थेंब झिरपून तांब्यावर हिरवट थर चढतो. तो साफ केला तरी पंप सुरू होतो. बॅटरीवरचाच आकडा धाडकन पडत असेल तर सेल थकलेत.

कधी एकच सेल मागे राहतो. दोन सेल ४.१ आणि तिसरा २.९ असेल तर बेरीज ११.१, वरून सगळं ठीक. पण २.९ वाला लवकर उतरतो आणि बीएमएस सगळा पॅक बंद करतं. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं. पॅक घरी फोडू नका.

इथे थांबायचं

बॅटरी महिनोन्महिने रिकामी पडून असेल तर चार्जर लावण्याआधी जाणकाराकडून आतले सेल मोजून घ्या. लिथियम-आयनचा सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. नंतर चार्ज केलं की ते तांबं नको तिथे साठून आतल्या आत शॉर्ट होतो. दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून 'झटका' देणं तर अजिबात नको. फुगलेली, गोडसर वास येणारी किंवा चार्जिंगला चांगलीच तापणारी बॅटरीही वापरातून काढाच.

ती उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याला तसं विचारा.

पुढच्या वर्षी हे टाळायचं तर हंगाम संपल्यावर बॅटरी रिकामी ठेवू नका. साधारण अर्धी भरा, पंपापासून सोडवा आणि आखाड्यावरच्या पत्र्याखाली न ठेवता घरात थंड, कोरड्या जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा मोजा. उन्हाळ्यातली ही पाच मिनिटं फवारणीचा एक दिवस वाचवतात.