विमानाच्या पोटातला व्यापार

परदेशी व्यापार चालतो तो जहाजांवर, विमानाने जाणारा माल म्हणजे चवीपुरतं मीठ, असं सर्रास बोललं जातं. वजनाच्या हिशेबाने ते खरंच आहे. जगातल्या व्यापारी मालाच्या एकूण वजनापैकी एक टक्काही विमानाने जात नाही. पण वजनकाटा बाजूला ठेवून बिलांची बेरीज केली, तर जागतिक व्यापाराचा जवळपास एक तृतीयांश भाग विमानाच्या वाट्याला येतो. चिप, मोबाइल, लसी, यंत्रांचे अडलेले सुटे भाग, हिरे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारातलं पुडकं कोणी बोटीने पाठवत नाही. त्यात अडकलेल्या पैशाचं तीन आठवड्यांचं व्याज विमानभाड्याहून जास्त भरेल. अमेरिकेच्या आयातीचे आकडे तपासून डेव्हिड हमल्स आणि जॉर्ज शाउर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेळेचाच भाव काढला होता. वाटेत जाणारा प्रत्येक दिवस म्हणजे मालावर ०.६ ते २.१ टक्के जादा जकात बसल्यासारखं आहे, असं त्यांचं गणित सांगतं.

दुसरा समज जास्त खोल रुजलेला आहे. माल न्यायला मालवाहू विमानं असतात, प्रवासी विमानांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा, की करोनापूर्वी जगातला सुमारे निम्मा हवाई माल प्रवाशांच्या पायाखालून जात होता. आपण वर खिडकीची जागा मागत असतो, तेव्हा खाली पोटात बॅगांशेजारी औषधं, कपडे आणि भाजीपाला रचलेला असतो. तिकिटांमुळे विमानाचा बराचसा खर्च आधीच निघालेला असतो, म्हणून ती जागा परवडते. २३ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबवली. मालाच्या विमानांना बंदी नव्हती, तरी भाडी कडाडली, कारण ती पोटंच जमिनीवर उभी होती. मग रिकाम्या आसनांवर खोकी बांधून प्रवासी विमानं उडवायची वेळ आली. नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. पर्यटकांची विमानं बंद पडली की निर्यातदाराचं भाडं वाढतं, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिलं.

आता आपल्याकडचा सर्वांत लाडका समज: विमानतळ बांधा, निर्यात आपोआप होईल. प्रत्येक नव्या धावपट्टीच्या भूमिपूजनाला शेतमाल थेट परदेशी पोहोचवण्याचं आश्वासन असतंच. प्रत्यक्षात धावपट्टी हा साखळीतला सोपा भाग. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण मालकी आहे. त्यामुळे कोणत्या देशाच्या विमानाने कुठे उतरायचं, आठवड्याला किती फेऱ्या करायच्या, हे दोन सरकारं बसून ठरवतात. भारताने २०२० मध्ये परदेशी कंपन्यांच्या वेळापत्रकाबाहेरच्या मालवाहू विमानांना दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद हे सहाच विमानतळ ठेवले. नागपूर त्यात नव्हतं. तिथल्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या उद्योजकाच्या दारात विमानतळ असून त्याने काय करावं?

आणि विमान मिळालं, तरी कागद हवा. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसचं बघा. २००७ मध्ये त्या बाजाराचं दार उघडलं, ते फळावर किमान ४०० ग्रे इतकी विकिरण प्रक्रिया करण्याच्या अटीवर. ती प्रक्रिया अमेरिकी निरीक्षकाच्या देखत व्हायची. २०२० आणि २०२१ मध्ये निरीक्षकच येऊ शकले नाहीत आणि आंबा इथेच राहिला. मे २०२५ मध्ये तर वाशीच्या केंद्रात प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला उतरल्या आणि कागदपत्रांतल्या त्रुटीवरून तिथेच अडल्या. परत आणा नाहीतर नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. पिकलेला आंबा पुन्हा विमानात घालून आणणार कोण? माल नष्ट करावा लागला.

नाशवंत माल म्हणजे विमानच, हेही खरं नाही. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती मुख्यतः थंड कंटेनरमधून, न्हावाशेवाहून बोटीने. पूर्वशीतकरण आणि शीतगृहांची साखळी बसली आणि द्राक्षाला समुद्र परवडला.

‘आकाश काय, सगळ्यांचंच’ हा समज मात्र नकाशा पाहिला की टिकत नाही; आकाशातली वाटही राजकारणच ठरवतं. पाकिस्तान आपल्या भूमीवरून भारतीय माल अफगाणिस्तानात जाऊ देत नाही. म्हणून जून २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक मार्ग सुरू झाला. काबूलहून निघालेल्या पहिल्या विमानात सुमारे ६० टन माल होता, त्यात बहुतांश हिंग. आपल्या फोडणीतला हिंग मुख्यतः आयात होतो. तो विमानाने आणणं धंद्याच्या हिशेबात सहज बसत नव्हतं, भाड्याला अफगाण सरकारने अनुदान दिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधली सत्ता बदलली आणि मार्ग तुटला. पुढच्याच वर्षी रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा हेलसिंकी-टोकियो हे नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांवर गेलं. जादा इंधन घ्यायचं तर माल कमी भरावा लागतो.

शेवटचा समज असा, की विमानमार्गाचा व्यापाराला फायदा म्हणजे फक्त माल वाहून नेणं. मालापेक्षा माणसं महत्त्वाची ठरतात, असं दाखवणारा एक सुंदर अभ्यास फिलिपे कांपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. बारा तासांपुढच्या उड्डाणाला जादा वैमानिक लागतात. त्यामुळे सुमारे तेवढ्या वेळात कापता येणाऱ्या सहा हजार मैलांच्या थोडं आत असलेल्या शहरांच्या जोड्यांना थेट विमान मिळण्याची शक्यता, थोडं बाहेर असलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. अंतरातला फरक किरकोळ, पण थेट विमान मिळालेल्या ठिकाणी आर्थिक उलाढाल वाढली, परदेशी कंपन्यांची गुंतवणूक आली. कारखाना पाहायला माणूस सकाळी येऊन दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकतो, तिथे पैसा जातो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती उद्घाटनाच्या भाषणात कधी येत नाही: हे भांडवल श्रीमंत देशांतून मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे वाहतं, अगदी गरीब देशांकडे नाही.