मनाचे दुखणे बोलायला आता गाव ओलांडावे लागत नाही

बैलाने एक दिवस वैरणीला तोंड लावले नाही, तर घरधन्याचा जीव खालीवर होतो. दुसऱ्या दिवशी तो गुरांच्या डॉक्टरांना बोलावणे धाडतो आणि त्यात त्याला कसलाही कमीपणा वाटत नाही. पण हाच घरधनी स्वतः पंधरा-पंधरा दिवस अर्धपोटी उठत असेल, रात्रभर बाजेवर टक्क जागा असेल, कारण नसताना लेकरांच्या अंगावर धावून जात असेल, तर ‘काही नाही, उन्हानं होतंय’ एवढ्यावर विषय मिटवतो. जनावराच्या दुखण्याला जो न्याय, तोच माणसाच्या मनाच्या दुखण्याला का असू नये, याचा विचार प्रत्येक शेतकरी कुटुंबाने करावयास हवा.

गप्प राहण्याची किंमत

ही किंमत किती मोठी आहे, हे सरकारी आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत शंभरापैकी सुमारे ७२ पुरुष होते. शेतीवर पोट असणारे ११,२९० जण होते; ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. या ५,२०७ शेतकऱ्यांपैकी ४,९९९ पुरुष होते. शेतीतील या एकूण आत्महत्यांपैकी ४,२४८ एकट्या आपल्या महाराष्ट्रातील आहेत.

या मृत्यूंमागे एकच कारण नसते. नापिकी, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज, आजारपण, दारू, भाऊबंदकी अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, की पडलेला भाव वर येत नाही, हे खरेच आहे. पण खचलेल्या मनाला पुढची वाट दिसत नाही, ती दिसू लागण्यासाठी कुणीतरी शांतपणे ऐकून घेणारे लागते. बँकेकडे मुदत मागणे, अर्धी जमीन खंडाने देणे, मुलीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलणे, हे मार्ग डोके थाऱ्यावर असेल तरच सुचतात.

पुरुषमाणूस बोलत का नाही?

मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की, ‘रडतोस काय बायकांसारखा?’ असे आपणच त्याला बजावतो. मोठेपणी तो घराचा कर्ता होतो. कर्त्याने खचायचे नाही, ‘मोडेन पण वाकणार नाही’ असेच राहायचे, ही शिकवण त्याच्या हाडीमांसी खिळलेली असते. घरच्या अडचणी चार लोकांत गेल्या तर पत जाईल, मुलीला स्थळे येणार नाहीत, अशी धास्ती असते. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणत तो ती मूठ झाकूनच ठेवतो.

दुसरी अडचण वाटेची. मनाच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे जिल्ह्याच्या गावी जायचे. एस.टी.च्या थांब्यावर दहाजण विचारणार, ‘काय पाटील, कुणीकडे?’ त्यांना काय सांगावे? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे आपल्याकडे चेष्टेसाठी वापरली जातात. ‘याला येरवड्याला धाडा’ हे वाक्य पारावर हसत हसत फेकले जाते. पण ज्याला खरोखर मदत हवी असते, तो ते ऐकून कायमचे तोंड मिटतो.

मदत जवळ आली की माणसे येतात

यावरून पुरुष हटवादी असतात, असा निष्कर्ष कुणी काढू नये. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत काही वर्षांपूर्वी ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले गेले आणि त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चारजण उपचारापर्यंत पोचत होते. उपक्रमानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मदत उंबरठ्याशी आली, तर माणूस ती घेतो, हाच त्याचा अर्थ.

प्रत्येक गावाला असे कार्यकर्ते मिळणे कठीण. पण खिशातला फोन तर घरोघर पोचला आहे. फोनवरून धीर देण्याची ही कल्पना नवी नाही. लंडन येथे चॅड वाराह नावाच्या धर्मगुरूंनी १९५३ साली खचलेल्या लोकांसाठी असा दूरध्वनी सुरू केला होता. आज तीच सोय आपल्या भाषेत आणि फुकट मिळते.

१४४१६ : हा क्रमांक काय आहे?

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ ही नामांकित संस्था तिचे मार्गदर्शन करते. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. साधा बटणांचा फोनही चालतो.

फोन लावल्यावर प्रथम भाषा विचारली जाते, मराठी निवडावी. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो उपदेशाचे डोस पाजत नाही. झोप कशी आहे, जेवण जाते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे प्रश्न तो विचारतो आणि ऐकून घेतो. दुखणे जास्त वाटले, तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून या सेवेचे मोबाइलवरील ॲपही निघाले आहे.

ज्यांना डॉक्टरांना समोर पाहून बोलायचे आहे, त्यांच्यासाठी ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा आहे. घरी मोठा मोबाइल नसेल तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे. ते आपल्याला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देतात. मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वेळी भेटतील, हे त्यांनाच विचारून घ्यावे. तापासाठी गेलेला माणूस आणि यासाठी गेलेला माणूस एकाच बाकावर बसतो. कोण कशासाठी आला, हे कुणाला कळत नाही.

पुरुषांना ही पद्धत सोयीची पडते, त्याचे कारण उघड आहे. रात्री पिकाला पाणी देताना, मोटारीच्या खोपीत बसून, बांधावर एकट्याने फोन करता येतो. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही. डोळ्यांत पाणी आले तरी ते कुणी पाहत नाही. पहिले वाक्य निघायला जड जाते. ते एकदा निघाले की पुढचे आपोआप येते.

काही शंका

*गावात कळेल का?* नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

*पोलिसांचे लचांड मागे लागेल का?* ही भीती जुन्या कायद्यामुळे बसली आहे. त्या नव्या कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे जिवाचे बरेवाईट करू पाहणारा माणूस अतीव ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला सांभाळणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

*फसवणूक होईल का?* सावध राहावे. समुपदेशनासाठी बँकेचा क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. कुणी तो मागितला तर फोन ठेवून द्यावा.

घरच्यांनी काय करावे?

वहिनी, माई, आक्का, हे तुमच्यासाठी. कारभारी फोनवर बोलत असतील तर कान देऊ नका, ‘कुणाशी बोलत होता?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका. त्यांना अर्धा तास एकांत मिळू द्या. फोन लावायला ते कचरत असतील, तर पहिला फोन तुम्ही लावा. घरच्या माणसाची काळजी वाटते म्हणून सल्ला मागण्यासाठीही हा क्रमांक आहे. ‘आता सगळं संपलं’, ‘माझ्यामागं तुमचं बरं होईल’ असे शब्द कानी आले, तर ते रागातले म्हणून सोडू नका. सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मनावरचा भार हलका होतो. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.

फोनच्याही मर्यादा आहेत

माणूस जिवाशी खेळ करण्याच्या बेतात असेल तर फोनवर विसंबू नये. त्याला एकटे न सोडता १०८ ची गाडी बोलवावी. भ्रम होणे, दारू सुटता न सुटणे, अशा दुखण्यांना डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी लागते. काही औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. फोन ही पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या चढायला ती बळ देते.

तेव्हा हा अंक वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी एवढेच करा. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर तुम्ही दुधाचा आणि मजुरांचा हिशेब मांडता, तिच्या कोपऱ्यात १४४१६ हा आकडा ठसठशीत लिहून ठेवा. कुणासाठी लिहिला, हे बोलायची गरज नाही. ज्याला गरज असेल तो तो वाचेल.