वाड्यांतील जुनी मोटार

वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांत दमणी-रेंगीच्या शेजारीं एखादी मोटारगाडी वर्षानुवर्षें झांकून ठेवलेली अजूनहि कोठें कोठें आढळते. कापसाच्या पेठेनें अकोला, अमरावती, खामगांव या शहरांत पैसा आणला आणि त्या पैशाबरोबर मोटारहि आली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें गाड्यांची जोडणी सुरू केली, तेव्हांपासून परदेशांतून पेट्यांतून आलेल्या भागांची शेव्हरोले गाडी मुंबईंतच उभी राहूं लागली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, सुटे भाग मिळेनासे झाले, युद्धानंतर मुंबई व कलकत्त्याच्या कारखान्यांतून नव्या गाड्या निघूं लागल्या, आणि जुनी मोटार कोपऱ्यांत गेली. तिच्यावर आधीं चादर पडली, मग रिकामीं पोतीं, मग पऱ्हाटीचा भारा.

वाडा पाडावयाची किंवा वाटण्या करावयाची वेळ आली म्हणजे ही मोटार पुन्हां सर्वांच्या नजरेस पडते. कोणी म्हणतो, भंगाराच्या भावानें देऊन टाका. कोणी म्हणतो, आजोबांची आठवण आहे, ती चालू करूं. दुसरा पक्ष जिंकला कीं उत्साहाला भरतें येतें. नवी बॅटरी येते, डबाभर पेट्रोल ओतलें जातें आणि चार तरुण गाडी ढकलावयास लागतात. साठसत्तर वर्षें पडून राहूनहि जें इंजिन वांचलेलें असतें, तें या अर्ध्या तासांत कायमचें निकामी होऊं शकतें. म्हणून आज मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. इंजिन सुरू करणें हें या कामांतील शेवटचें पाऊल आहे. त्याच्या आधींचीं पावलें कोणतीं आणि तीं त्याच क्रमानें कां टाकावयाचीं, हें समजून घेतलें पाहिजे.

बंद मोटार म्हणजे झोंपलेली मोटार, असा आपला समज असतो. वास्तविक तिच्यांत रोज कांहीं ना कांहीं घडत असतें. उन्हाळ्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यांत काळी जमीन महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. १९३० च्या सुमाराच्या पुष्कळ गाड्यांत पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असे. तें लांकूड उन्हाळ्यांत आकसतें, पावसाळ्यांत फुगतें आणि सांधे सैल होतात. चामड्याला भेगा पडतात, रबर कडक होतें, बुचाच्या चकत्यांचा चुरा होतो. टांकींतील पेट्रोलचा हलका अंश उडून जातो व मागें डिंकासारखा चिकट थर राहतो. उंदीर गाद्यांत घरें करतात आणि तारांवरील कापडी वेष्टन कुरतडतात. कुंभारीण माशी धूर बाहेर पडण्याच्या नळींत मातीचें घर बांधते. दार उघडण्यापूर्वीं काठीनें आवाज करावा हें उत्तम, कारण गादीखालीं साप निघणें आपल्याकडे अशक्य नाहीं.

पहिलें काम पाहण्याचें व नोंदण्याचें. गाडी धुण्याच्याहि आधीं तिचीं चारी बाजूंनीं, आंतून आणि इंजिनाच्या प्रत्येक अंगाचीं छायाचित्रें घ्यावीं. कोणती तार कोठें जाते, कोणती नळी कोणत्या बाजूनें वळते, हें महिन्यानंतर कोणाच्याहि स्मरणांत राहत नाहीं. इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक उतरून घ्यावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यांत ठेवावा. मोडका भागहि टाकूं नये. लेथवर नवा भाग करून देणाऱ्या कारागिराला नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

यानंतर इंजिनाकडे वळावें, पण तें सुरू करण्यासाठीं नव्हे. तें हातानें फिरतें कीं नाहीं एवढेंच पाहण्यासाठीं. सिलिंडरमध्यें पिस्टनच्या कड्या भिंतीला अगदीं चिकटून असतात. ओल शिरली कीं त्या गंजून भिंतीशीं जखडतात. अशा स्थितींत गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढली तर कड्या तुटतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. झडपांचीहि तीच गोष्ट. शेव्हरोलेच्या १९२९ च्या सहा सिलिंडरी इंजिनांत झडपा वरच्या बाजूस असून त्या लांब दांड्यांनीं उघडतात. एखादी झडप अडकलेली असतां जोर केला तर दांडी वाकते. म्हणून सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. मग हँडलनें अगदीं थोडें पुढें, थोडें मागें, असें हलवावें. इंजिन हललें नाहीं तर आणखी तेल व आणखी आठवडा द्यावा. तरीहि न हललें तर वरचें झांकण काढणें हाच मार्ग. हातोडा हा मार्ग नव्हे.

इंजिन मोकळें झालें म्हणजे तळाचें तेल काढून टाकावें आणि शक्य असल्यास तळाचें पात्रच उतरवावें. त्यांत काळ्या गाळाचा थर सांपडतो. त्या काळच्या अनेक इंजिनांत, फोर्डच्या ‘ए’ गाडींतहि, खालच्या पात्रांतील तेल फिरत्या भागांनींच वर उडवावयाचें अशी योजना होती. गाळ तसाच राहिला तर नवें तेल त्यांत मिसळून गाळ ठिकठिकाणीं पोंचतो. पात्र स्वच्छ करून नवें तेल भरल्यावर प्लग न लावतांच इंजिन हातानें बराच वेळ फिरवावें, म्हणजे कोरड्या पृष्ठभागांना ठिणगी पडण्याच्या आधींच तेल मिळतें.

आतां पेट्रोल. जुनी टांकी उतरवून धुतल्यावांचून तिच्यांतील थेंबहि इंजिनाकडे जाऊं देऊं नये, नाहीं तर कार्बुरेटरचीं बारीक भोकें त्या डिंकानें बुजतात. येथें एक इशारा देणें अगत्याचें आहे. टांकीला भोक असेल तर ती रिकामी आहे म्हणून झाळावयास बसूं नये. भरलेल्या टांकीपेक्षां रिकाम्या टांकींतील वाफ अधिक भयंकर रीतीनें स्फोट पावते. हें काम जाणत्या कारागिराचेंच. दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. त्यांत आतां शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें आणि जुन्या रबराला सोसत नाहीं. म्हणून रबरी नळ्या व चकत्या आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या घालाव्या आणि गाडी उभी ठेवावयाची असेल तर टांकींत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवूं नये.

विजेच्या बाबतींत घाईचें मोल फार पडतें. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे. आजची १२ व्होल्टची जोडली तर दिवे व गुंडाळ्या जळतात. शिवाय फोर्डच्या ‘ए’ गाडींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें, म्हणजे आजच्या रीतीच्या अगदीं उलट. कुरतडलेल्या तारा सर्व बदलून, मध्यें फ्यूज बसवून, मगच बॅटरी जोडावी. लांकूड, जुना कापूस आणि पेट्रोल जेथें एकत्र आहेत, तेथें एक ठिणगी पुरेशी असते.

रेडिएटरमध्यें कोणतें पाणी घालावें, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचें पाणी रेडिएटरमध्यें घातलें तर बारीक नळ्यांत क्षारांचे थर बसतात, धातु गंजतो आणि उन्हाळ्यांत इंजिन तापूं लागतें. रेडिएटर उलट दिशेनें पाणी सोडून धुवावा आणि त्यांत शुद्ध केलेलें पाणी, गंज न लागू देणाऱ्या द्रावणासह, भरावें.

चालण्यापूर्वीं थांबण्याची सोय हवी. फोर्डच्या ‘ए’ गाडीचे ब्रेक लोखंडी दांड्यांनीं ओढले जातात. पुढच्या काळांतील गाड्यांत ते द्रवाच्या दाबानें चालतात. पहिल्या प्रकारांत सांधे गंजतात, दुसऱ्यांत रबरी चकत्या फुटतात. दोन्हीं उघडून पाहिल्यावांचून गाडी अंगणाबाहेर नेऊं नये. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी फसूं नये. जुनें रबर आंतून मेलेलें असतें व वेगांत फाटतें.

एवढें झालें म्हणजे इंजिन सुरू करण्याचा दिवस उजाडतो. गाडी उघड्या जागीं असावी, चाकांना दगड लावावे, गिअर मोकळा असावा, जवळ आग विझविण्याचें साधन असावें. हँडल मारावयाचें असेल तर ठिणगीची दांडी ‘उशिरा’ या बाजूस ठेवावी, नाहीं तर इंजिन उलटा झटका देतें व मनगट मोडतें. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हँडल खालून वर ओढावें. इंजिन सुरू झालें तरी पहिल्या खेपेस मिनिटभरांत बंद करावें, गळती पाहावी, आवाज ऐकावा, मग पुन्हां सुरू करावें.

चालू झालेली गाडी पुन्हां झांकून ठेवली तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. यंत्र टिकतें तें नियमित वापरानें व देखभालीनें. याचें उदाहरण आपल्या घराजवळच आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या शकुंतला गाडीचें वाफेचें इंजिन मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलें गेलें होतें. तें १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षें, या अरुंद रुळांवर राबलें. कोल्हापुरास छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यास निघण्याची प्रथा आहे. जी गाडी वर्षांतून एका ठरल्या दिवशीं लोकांसमोर यावयाची असते, तिची निगा वर्षभर घ्यावीच लागते. ज्या वांडरर मोटारींतून जानेवारी १९४१ मध्यें नेताजी सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या घरांतून निसटले, तीहि अनेक वर्षें केवळ पाहण्याची वस्तु होती. ती दुरुस्त करून १८ जानेवारी २०१७ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें पुन्हां लोकांसमोर आणण्यांत आली.

कायद्याचीहि बाजू पाहावयास हवी. २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नवी नोंदणी झाल्यास पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. त्या दुरुस्तीनें पहिल्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षें ठरविली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, पेट्रोल भरणें व दुरुस्ती यांकरितां रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं नाहीं. मुख्य अट अशी कीं, सांगाडा, बाह्यांग व इंजिन मूळ स्वरूपांत असावें, त्यांत मोठा फेरबदल नसावा. जुनें इंजिन घाईनें फोडून त्या जागीं नव्या गाडीचें बसविणाऱ्यानें आपली गाडी या व्याख्येबाहेर ढकलली असें होतें. कागद आजोबांच्या नांवें असतील तर वारसांची संमति आधींच घ्यावी. वाटणीच्या वेळीं हा कागद पिस्टनपेक्षांहि घट्ट अडकतो.

शेवटीं एक विनंति. आपल्या गांवांत हँडलच्या गाड्या दुरुस्त केलेला एखादा वृद्ध मिस्त्री अद्याप असेल. त्याला बोलवावें, खुर्ची द्यावी, आणि घरांतील मुलांनीं पाना हातांत घेऊन तो सांगेल तसें करावें. सुट्या भागांची उणीव लेथवर भरून काढतां येते, परंतु कोणत्या आवाजाला थांबावयाचें हें त्याच्या कानांना ठाऊक असतें आणि तें पुस्तकांत सांपडत नाहीं. तें ज्ञान मुलांच्या हातीं आलें तर मोटार चालू होण्यास वर्ष लागलें तरी तें वर्ष वायां गेलें असें कोणी म्हणणार नाहीं.