शिवराईच्या फोटोसाठी लेन्स कोणती?

शिवराई जेमतेम दोन सेंटिमीटरची. मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली नाण्यावर पडते आणि ‘श्री राजा शिव’ ही झिजलेली अक्षरं बुडतात. म्हणून कॅमेराच हवा, पण पैसे घालायचे ते लेन्समध्ये. कॅमेरा जुना, वापरलेला असला तरी चालतो. लेन्स 1:1 क्षमतेची मॅक्रो हवी, म्हणजे नाण्याची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकारात उमटू शकते. 60 मिमीची मॅक्रो सुटसुटीत खरी, पण पूर्ण 1:1 वर नाणं तिच्या तोंडाच्या फार जवळ येतं. मग दिवा ठेवायचा कुठे? अक्षरांचा उठाव तर तिरप्या प्रकाशातच दिसतो. म्हणून 90 ते 105 मिमीची लेन्स घ्यावी. (एपीएस-सी सेन्सरची उंची साधारण 16 मिमी, तेव्हा अख्खं नाणं मावायला थोडं मागे सरकावं लागतंच.) अ‍ॅपर्चर एफ/8 च्या आसपास ठेवा, एफ/16 च्या पुढे विवर्तनामुळे बारकावे पुसट होतात. ट्रायपॉड आणि टायमर हवाच. एवढा खर्च नको असेल, तर घरातल्या साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा. आणि फोटोत चमकावं म्हणून नाणं चिंचेनं घासू नका. संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उतरते.