उसन्या वृत्तातली आपली प्रार्थना

(द्वितीय वर्ष कला)

यहुदी लोकांचा उल्लेख आपल्या इतिहासाच्या पुस्तकात बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात येतो. हिटलर, छळछावण्या आणि 1948 साली स्थापन झालेले इस्राएल, एवढ्यावर ते प्रकरण संपते. पण याच लोकांनी मध्ययुगात मुसलमान राजवटींत राहून हिब्रू भाषेत फार मोठे काव्य रचले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. विषय वाटतो तितका दूरचा नाही. हिंजवडीहून पुण्याच्या लष्कर भागात गेले की तांबड्या विटांचे, उंच मनोऱ्याचे 'लाल देऊळ' दिसते. ते यहुद्यांचे प्रार्थनामंदिर असून 1867 साली पूर्ण झाले. ते बांधवणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे, अरबी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. अरबी बोलायची आणि हिब्रूत प्रार्थना करायची, ही त्या समाजाची रीत शेकडो वर्षांची होती.

ही रीत सर्वात जास्त फुलली ती स्पेनमध्ये. इ. स. 711 नंतर त्या देशाच्या मोठ्या भागावर मुसलमानांची सत्ता आली. यहुद्यांना तेथे 'धिम्मी', म्हणजे संरक्षित प्रजा, असा दर्जा होता. जिझिया कर भरायचा, काही बंधने पाळायची आणि त्या बदल्यात आपला धर्म राखायचा. याला समानता म्हणता येणार नाही. पण जगायला आणि शिकायला जागा होती. दहाव्या शतकात कॉर्डोव्हाचा खलिफा तिसरा अब्द अल्-रहमान याच्या दरबारात हस्दाई इब्न शाप्रुत हा यहुदी वैद्य मोठ्या अधिकारावर होता. त्याच्या आश्रयाला दुनाश बेन लाब्रात नावाचा कवी आला. जन्म मोरोक्कोतील फेझचा, शिक्षण बगदादचे. अरबी वृत्तांत हिब्रू शब्द बसवण्याचे धाडस प्रथम त्याने केले.

हे धाडस का म्हणायचे? बायबलमधल्या जुन्या स्तोत्रांत मात्रांचे काटेकोर मोजमाप नव्हते. एकच आशय दोन जोडओळींत फिरवून सांगण्याची पद्धत होती. अरबी कविता मात्र आपल्या भुजंगप्रयात किंवा शार्दूलविक्रीडितासारखी ऱ्हस्व-दीर्घांच्या ठरलेल्या क्रमाने चालते. तिची परिभाषाही गमतीची आहे. ती वाळवंटातल्या तंबूवरून आली. हिब्रू कवींनी तीच धाटणी उचलली. पूर्ण ओळीला ते 'घर' म्हणत, पहिल्या अर्ध्याला 'दार', दुसऱ्या अर्ध्याला 'कडी' आणि वृत्ताच्या एका घटकाला 'खुंटी'.

अर्थात विरोध झाला. परक्या वृत्तामुळे पवित्र भाषा बिघडेल, असे मेनाहेम बेन सारुक या पंडिताच्या शिष्यांनी म्हटले. आपल्याकडेही हा वाद नवा नाही. माधव जूलियन यांनी फारसी गझलेची वृत्ते मराठीत आणून 1933 साली 'गज्जलांजली' प्रसिद्ध केली, आणि भाषाशुद्धीचा आग्रह धरणारेही तेच होते! बाराव्या शतकातील यहूदा हालेवी हा कवी असाच. अरबी वृत्तांनी हिब्रूचे नुकसान केले अशी खंत त्याने 'कुझारी' या ग्रंथात व्यक्त केली. पण तो ग्रंथ त्याने अरबीत लिहिला आणि स्वतःच्या उत्तम कविता त्याच वृत्तांत रचल्या.

या काळाला पुष्कळ लेखक सुवर्णयुग म्हणतात. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ग्रॅनाडाचा वजीर शमुएल हानगीद हा यहुदी होता. तो मुसलमान राजाच्या फौजेबरोबर लढायांवर जाई आणि तेथेही हिब्रूत कविता लिही. त्याच्यानंतर मुलगा योसेफ वजीर झाला आणि 1066 साली दंगलीत मारला गेला. शहरातील असंख्य यहुद्यांची त्याच्याबरोबर कत्तल झाली. पुढे अल्मोहद राजवट आली, तेव्हा धर्म बदला किंवा निघून जा अशी पाळी आली. थोर तत्त्वज्ञ मायमोनिडिस (1138–1204) याचे कुटुंब त्यामुळेच कॉर्डोव्हा सोडून निघाले आणि शेवटी इजिप्तमध्ये स्थिरावले. दरबाराची मर्जी हे कायमचे छप्पर नव्हे, एवढे यावरून दिसते.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. गावावरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहीमकर. त्यांनीही निजामशाही, आदिलशाही, जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे अशा अनेक सत्ता पाहिल्या. एकोणिसाव्या शतकात शालोम बापूजी वरघरकर हे बेने इस्राएल गृहस्थ जंजिरा संस्थानचे कारभारी झाले. त्यांचे नाव वाचताना ग्रॅनाडाच्या वजिराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

खरे साम्य मात्र भाषेत आहे. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 चे. त्याला ते स्वतः 'जुनी मशीद' म्हणत. एलियाहू प्रेषिताच्या नावाने ते पोहे, नारळ आणि साखर यांचा 'मलिदा' करतात. हाच शब्द आपण दर्ग्यावरच्या प्रसादासाठी वापरतो. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची 'हगादा' मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आणि 1880 च्या सुमारास या समाजात चक्क कीर्तने होऊ लागली. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे किंवा मोशेचे. पण चाली साकी, दिंडी, अभंग यांच्या. दुनाशने अरबीकडून जे घेतले, तेच यांनी आपल्याकडून घेतले. फरक इतकाच की तेथे खलिफाचा दरबार होता आणि येथे शेजारचे देऊळ.

वृत्त उसने घेतले म्हणून दोघांचीही प्रार्थना उसनी झाली नाही. हे मला विशेष सांगावेसे वाटते, कारण आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. घरी एक बोली आणि येथे निबंधाची दुसरी. ही दुसरी भाषा अंगावर घातली की पहिली टाकावी लागते, असे सुरुवातीला वाटायचे. या कवींचा इतिहास वाचून मला तसे वाटेनासे झाले.

शेवटी एका कवयित्रीविषयी. यहुदी लोक देवाचे नाव असलेला कागद फेकून देत नाहीत. जुन्या कैरोतील प्रार्थनामंदिरात असे कागद शतकानुशतके साठले आणि 1896–97 मध्ये त्यांतले लाखो तुकडे केंब्रिजला गेले. त्यांत मंगळूरला व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजू या यहुदी व्यापाऱ्याची बाराव्या शतकातील पत्रे आहेत. आणि एक छोटी हिब्रू कविताही आहे. स्पेन सोडून निघालेल्या नवऱ्याला निरोप देणारी पत्नी, तिच्या कडेवर मूल, दोघांनी एकमेकांना दिलेले दागिने, असा तिचा विषय. ती दुनाशच्या पत्नीची, हे 1980 च्या दशकात संशोधकांनी ओळखले. नवऱ्याचे नाव हजार वर्षे टिकले. तिचे नाव मात्र कोणालाच माहीत नाही.

आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्याही अशाच निनावी राहिल्या असत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या मुळशी तालुक्यासह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव लिहून ठेवण्याची दक्षता घेतली. जाती आता बंद पडली आहेत. पण ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या अजून काही घरांत आहेत. ज्यांच्या घरी त्या असतील, त्यांनी या सुट्टीत एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर ओवीच्या आधी तिचे नाव लिहावे.